गर्भाशयमुखाचा कर्करोग: गाठ कोणत्या प्रकारची, यावर उपचारांची दाद कशी ठरत गेली

बायोप्सीचा रिपोर्ट आला की नजर आधी स्टेजवर जाते. गाठ कोणत्या पेशींतून वाढली आहे, ही ओळ बराच काळ दुय्यम राहिली. दहापैकी सात-आठ गाठी स्क्वॅमस प्रकारच्या, म्हणजे मुखाच्या बाहेरच्या सपाट पेशींच्या थरातून उगवलेल्या असतात, आणि उपचार त्यांच्यावरच बेतले गेले. उरलेल्यांत मोठा भरणा ॲडेनोकार्सिनोमाचा. तो आतल्या नळीतल्या ग्रंथींत सुरू होतो, त्यामुळे पॅप चाचणीत पेशी खरवडून घेताना तो निसटतो. चाचणी रुळलेल्या देशांत स्क्वॅमस गाठी कमी झाल्या आणि ॲडेनोचं प्रमाण त्या तुलनेत वाढलं, ते यामुळेच.

प्रकार ओळखणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. 1951 मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीचं निदान स्क्वॅमस असं झालं आणि त्यांना रेडियमचे उपचार मिळाले. 1971 मध्ये जुन्या स्लाइड पुन्हा पाहिल्यावर ती ॲडेनोकार्सिनोमा असल्याचं प्रसिद्ध झालं. जगभरच्या प्रयोगशाळांत वाढणाऱ्या हेला पेशी याच गाठीच्या. त्यांत पुढे एचपीव्ही 18 सापडला, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा एक प्रकार. ॲडेनोमध्ये या प्रकाराचा वाटा स्क्वॅमसपेक्षा मोठा असतो.

फक्त रेडिएशनच्या काळात फरक ठळक होता. ॲडेनोची गाठ सावकाश आकसते आणि नुसत्या रेडिएशनला कमी दाद देते. 1999 मध्ये पाच चाचण्यांच्या आधारे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमयुक्त केमो औषध द्या, अशी सूचना काढली. आज प्रचलित पद्धत अशी: शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे 40 मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन आठवड्यातून एकदा, पाच-सहा वेळा, बाहेरून 45 ते 50 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचं एकक), साधारण 25 बैठकांत, मग ब्रॅकीथेरपी, म्हणजे गाठीजवळ आतून दिलेलं रेडिएशन. सगळं आठ आठवड्यांत संपायला हवं. लांबलं, की मधल्या काळात उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात आणि गाठीवरचा ताबा सुटतो. 2014 मध्ये स्त्रियांच्या कर्करोगांवर चाचण्या घेणाऱ्या अमेरिकी जीओजी गटाने आपल्या चाचण्या एकत्र तपासल्या. नुसत्या रेडिएशनवर ॲडेनोचे रुग्ण मागे पडत होते, सिस्प्लॅटिन जोडल्यावर जगण्यातला फरक जवळपास उरला नाही. ॲडेनोची गाठ सावकाश आकसते, म्हणून उपचार संपल्यावर लगेच दिसणारी जाडी म्हणजे अपयश, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. साधारण तीन महिन्यांनंतरचं स्कॅन जास्त भरवशाचं.

आजार पसरलेला किंवा उलटलेला असेल तर गणित वेगळं. 2014 मध्ये केमोला बेव्हासिझुमॅबची (गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारं औषध) जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 13.3 वरून 17 महिन्यांवर गेलं, पण प्रकार पाहून औषध बदलण्याची रीत तेव्हाही नव्हती. शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध कामाला लावणाऱ्या इम्युनोथेरपीबद्दल मात्र अंदाज होता की स्क्वॅमस गाठी जास्त दाद देतील, कारण प्रतिकारशक्तीला थोपवणारं पीडी-एल1 हे प्रथिन त्यांच्यात सहसा अधिक दिसतं. सेमिप्लिमॅब या इम्युनोथेरपी औषधाच्या चाचणीत (निकाल 2022) आकडेवारीची पहिली कसोटी म्हणून स्क्वॅमस गटच ठरवला होता. प्लॅटिनम केमोनंतर आजार वाढलेल्या 608 रुग्णांना दर तीन आठवड्यांनी 350 मिलिग्रॅम सेमिप्लिमॅब किंवा एकाच औषधाची केमो मिळाली. स्क्वॅमसमध्ये मध्यम आयुर्मान 11.1 विरुद्ध 8.8 महिने, ॲडेनो गटात 13.3 विरुद्ध 7. गाठ आकसण्याचं प्रमाण मात्र स्क्वॅमसमध्येच जास्त, 17.6 टक्के, ॲडेनोमध्ये 12.3. ॲडेनोचा फायदा मोठा दिसतो तो काही अंशी समोरची केमोच लंगडी पडल्यामुळे, असं आमचं वाचन. शिवाय त्या गटात 131 जणच होते, तेव्हा आकडा ताणू नये. एवढं खरं की ॲडेनो आहे म्हणून इम्युनोथेरपी नाकारण्याला आधार उरला नाही.

2020 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने रेषा दुसरीकडे ओढली: गाठ एचपीव्हीमुळे झालेली आहे की नाही. ॲडेनोतला गॅस्ट्रिक प्रकार (पेशी जठरातल्या ग्रंथींसारख्या दिसणारा) एचपीव्हीशिवाय होतो आणि केमो-रेडिएशनला फारशी दाद देत नाही. तो रिपोर्टात नुसता ‘ॲडेनोकार्सिनोमा’ म्हणून दडून राहू शकतो, म्हणून पी16 (एचपीव्हीमुळे झालेल्या गाठीत सहसा वाढलेलं प्रथिन) याची तपासणी झाली आहे का, ते विचारावं. तिथे पी16 बहुधा निगेटिव्ह येतं. गाठ खोलवर पसरते, वरवरचा तुकडा घेतला तर बायोप्सी कोरी निघते, आणि एचपीव्ही चाचणीही निगेटिव्ह. अशा वेळी सतत पाण्यासारखा किंवा चिकट स्राव आणि आतून फुगलेलं, टणक मुख दिसलं, तर खोलवरचा नमुना पुन्हा घ्यावा लागतो.