मोबाइलवर हरवलेला खर्ज

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने लॅपटॉपवर आपली पहिली बेसलाइन, म्हणजे गाण्याखाली चालणारी खालच्या स्वरांची ओळ, बनवली. हेडफोनवर ती छातीत घुमत होती. त्याने ती मित्राला पाठवली. मित्राने मोबाइलच्या स्पीकरवर लावली आणि विचारलं, "बेस कुठाय रे यात?" नुसते ड्रम्स वाजत होते, बेस गायब. "मामा, माझं सॉफ्टवेअर फालतू आहे. जास्त जड बेस देणारं कुठलं घेऊ?" असं विचारत तो माझ्याकडे आला.

सॉफ्टवेअरमध्ये काहीही खोट नव्हती. पण हा प्रश्न फार सुंदर आहे, कारण त्याच्या मुळाशी आपल्या कानाची एक अद्भुत करामत आहे. ती समजली की सॉफ्टवेअर निवडणं सोपं होतं.

आधी थोडे आकडे. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१.२ वेळा कंप पावते, म्हणजे तिची वारंवारता ४१.२ हर्ट्झ. मोबाइलच्या स्पीकरचा पडदा नखाएवढा. इतक्या संथ कंपनांना पुरेशी हवा ढकलायची तर त्याला बरंच पुढेमागे हलावं लागेल, आणि तेवढी जागाच त्याला नसते. काहीशे हर्ट्झच्या खाली त्याची ताकद झपाट्याने उतरते. ४१ हर्ट्झ त्याच्यातून जवळजवळ निघतच नाहीत.

आता तानपुऱ्याचं ॲप उघडा. काळी एकचा पुरुषी षड्ज १३८.६ हर्ट्झचा, त्याच्या खालचा खर्ज ६९.३ हर्ट्झचा. हा ६९.३ सुद्धा मोबाइलमधून निघत नाही. तरीही रियाझाला बसलेल्या माणसाला चौथी तार खर्जाचीच ऐकू येते. ती मध्यसप्तकात वाजतेय असं कुणालाही वाटत नाही. मग जो आवाज स्पीकरमधून बाहेरच पडला नाही, तो ऐकू कसा आला?

तार छेडली की ती अख्खी हलते, त्याच वेळी अर्ध्यात, तिसऱ्या भागात, चौथ्या भागातही हलते. खर्जाच्या तारेतून ६९.३ बरोबर १३८.६, २०७.९, २७७.२, ३४६.५ असे उपस्वर एकदमच निघतात. यातला पाचवा, ३४६.५ चा, म्हणजे आपला स्वयंभू गंधार. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात तेव्हा हे वरचे उपस्वर उजळतात. तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीच्या या गुणधर्मावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहिलं होतं. मोबाइलचा स्पीकर या मालिकेतला खालचा भाग गाळतो, वरचा पोचवतो. मेंदूला दिसतं की येणाऱ्या लागोपाठच्या दोन उपस्वरांत ६९.३ चंच अंतर आहे, आणि या सगळ्यांची मिळून होणारी लहर सेकंदाला ६९.३ वेळाच स्वतःला पुन्हा गिरवते. अशी मालिका ६९.३ च्याच मूळ स्वरातून येऊ शकते. मेंदू तो स्वर स्वतः भरतो, आणि आपण शपथेवर सांगतो की खर्ज ऐकला.

ऑगस्ट झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये भोकं पाडलेल्या फिरत्या तबकडीच्या सायरनवर हे ताडलं होतं. त्याला विरोध करणारा गेओर्ग ओम, शाळेत विजेचा नियम शिकताना भेटतो तोच. वाद पुढे शंभर वर्षं रेंगाळला. पुष्कळांना वाटे की कानाच्या आतच उपस्वर मिसळून खरोखरचा खालचा स्वर तयार होत असेल. १९५४ मध्ये लिकलायडर या अमेरिकन शास्त्रज्ञाने खालच्या पट्टीत मुद्दाम खरखर मिसळली. तिथे खराखुरा स्वर असता तर तो तिच्यात बुडाला असता. पण ऐकू येणाऱ्या स्वराची उंची तशीच राहिली. १९७२ मध्ये हाउट्समा आणि गोल्डस्टाइन या संशोधकांनी तर एक उपस्वर एका कानात, दुसरा दुसऱ्या कानात सोडला. कुठल्याच कानात मालिका पूर्ण नव्हती, तरी ऐकणाऱ्यांना गायब मूळ स्वर सापडला. म्हणजे जुळवाजुळव कानांच्या पलीकडे, मेंदूत होते. हा प्रयोग वाचला तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटू शकलो नव्हतो. जुन्या टेलिफोनमधून ३०० ते ३,४०० हर्ट्झच जात, पुरुषाच्या आवाजाचा मूळ कंप मात्र सव्वाशेच्या आसपास. तरी फोनवर बाबा बाबांसारखेच वाटायचे.

आता भाच्याची चूक कळेल. त्याने 'सब' नावाचा तयार आवाज निवडला होता. तो शुद्ध साइन लहरीचा होता, म्हणजे मूळ स्वर एकटाच, त्यावर उपस्वरांचं कुटुंबच नाही. हेडफोनने तो दाखवला. मोबाइलने मूळ स्वर गाळला आणि मेंदूला धागा धरायला काहीच उरलं नाही. करवतीच्या दात्यांसारखी दिसणारी ५५ हर्ट्झची करवती लहर घेतली असती तर ५५, ११०, १६५ अशी रांग लागली असती, दुसऱ्या उपस्वराची ताकद निम्मी, तिसऱ्याची एक तृतीयांश. सहाव्याच्या, म्हणजे ३३० च्या पुढचे उपस्वर मोबाइलवरही पोचले असते.

साइन लहर ठेवूनही उपस्वर मिळवता येतात: तिला थोडी 'दाबायची'. याला सॅच्युरेशन किंवा ड्राइव्ह म्हणतात. इथे एक बारकावा आहे. लहरीचं वरचं शिखर आणि खालची दरी सारखीच दाबली तर फक्त विषम उपस्वर येतात. ५५ वर १६५, २७५, ३८५. मूळ स्वर गाळला की यांच्यातलं अंतर ११० उरतं, आणि स्वर नेमका कुठला याबद्दल मेंदू घोटाळतो. दाब एका बाजूला जास्त दिला की सम उपस्वरही येतात आणि मालिका भरते. शिवाय संगणक लहर ठरावीक अंतराने मोजून साठवतो; या मोजमापांना नमुने म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. तिथे २५,००० चा उपस्वर तयार झाला तर तो परावर्तित होऊन १९,१०० वर उतरतो, मालिकेशी नातं नसलेला, बेसूर. बेसच्या साध्या करवती लहरीत इतके वरचे उपस्वर क्षीण असतात, पण ड्राइव्ह वाढवला की ते बळावतात. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर दाबण्याआधी नमुने वाढवून घेतं. सेटिंगमध्ये 'ओव्हरसॅम्पलिंग' दिसलं तर ते याचसाठी.

तेव्हा सॉफ्टवेअर निवडताना मूळ स्वराच्या वर ते काय घडवू देतं ते पाहा. फुकटातलं सर्ज एक्सटी मला सर्वांत आवडतं. त्याचा मूळ कोड २०१८ मध्ये खुला झाला. लहरी, फिल्टर (नको ते उपस्वर गाळणारी चाळणी), दाबण्याचे प्रकार भरपूर, तारेची नक्कल करणारा ऑसिलेटर, म्हणजे लहर निर्माण करणारा भागही आहे. व्हायटलची मोफत आवृत्ती लहर बदलताना डोळ्यांसमोर दाखवते, शिकणाऱ्याला ते मोलाचं. ही दोन्ही सॉफ्टवेअरमधली वाद्यं; ती बसवायला गाणं जुळवणारं रीपरसारखं सॉफ्टवेअर लागतं, ते ६० दिवस वापरून पाहता येतं. ॲपलवाल्यांकडे गॅरेजबँड असतंच. सगळं एकत्र हवं तर एलएमएमएस घ्या. त्यात एलबी३०२ नावाचं वाद्य आहे, रोलँडच्या टीबी-३०३ ची नक्कल. बेसवादक नसलेल्या गिटारवाल्यांच्या साथीला १९८१ मध्ये निघालेलं हे टीबी-३०३ यंत्र संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रागांसाठी वापरलं. एकच ऑसिलेटर, करवती किंवा चौकोनी लहर, आणि एक फिल्टर. सगळी जादू उपस्वर उघडण्या-मिटण्याची.

'१०० जीबी आवाज' अशा जाहिरातींना भुलू नका. आपली बेसलाइन त्यातल्या दोन-तीन आवाजांवर उभी राहते. आणि ४३२ हर्ट्झला स्वर लावला की विश्वाशी मेळ बसतो, आजार बरे होतात, हे तर निखालस थोतांड आहे. हर्ट्झ मोजायचा सेकंद माणसाने ठरवलेला, आणि आपल्याकडे प्रत्येक गायक आपापला षड्ज निवडत आला आहे.

एक शेवटची गोष्ट खोलीची. ५५ हर्ट्झची तरंगलांबी सव्वासहा मीटर. दहा बाय बाराच्या खोलीत दहा फुटांच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला स्थिर लहर उभी राहते. भिंतीपाशी हा स्वर फुगतो, बरोबर मध्यभागी जवळजवळ मरतो. भाच्याची खुर्ची नेमकी मध्यभागी होती, म्हणून स्पीकरवर ऐकताना तो बेस वाढवतच सुटला होता. खुर्ची दोन-अडीच फूट मागे सरकवली. साइनसोबत तीच ओळ करवती लहरीने हलकीशी वाजवली, फिल्टर हजार हर्ट्झच्या आसपास ठेवला, आणि फाइल पुन्हा मित्राला पाठवली. या वेळी बेस पोचला.