टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? आउटबोर्ड मोटार गाडीत आडवी ठेवण्यापूर्वी

कॅटलिना २२ सारखी शिडाची लहान होडी ट्रेलरवरून तळ्यापर्यंत नेताना तिची आउटबोर्ड मोटार, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन, मागच्या ब्रॅकेटवर तशीच ठेवू नये, ती उतरवून गाडीत घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. ब्रॅकेट होडीच्या बाहेर आलेले असते आणि त्यावर पंचवीसेक किलोची मोटार लटकत असते, त्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यागणिक ब्रॅकेटला आणि त्याच्या बोल्टांना हिसका बसतो. मोटार वर उचलल्यावर तिला अडवून धरणारी खिट्टी ही होडी पाण्यात उभी असताना पंखा (प्रॉपेलर) वर ठेवण्यासाठी दिलेली असते. ट्रेलरवर तिच्या भरवशावर राहू नका, असे उत्पादकांच्या पुस्तिकांमध्येही लिहिलेले असते.

मात्र मोटार गाडीत आडवी ठेवायची वेळ आली की ती टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, याला फार महत्त्व येते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात: तेच प्लास्टिकचे झाकण, तेच हॅण्डल, तोच पंख्यापर्यंत उतरणारा लांब पाय. झाकण काढून पाहिले तर फोर-स्ट्रोकमध्ये तेल मोजायची पट्टी किंवा तेलाची पातळी दाखवणारी काचेची छोटी खिडकी सापडते. टू-स्ट्रोकमध्ये यांपैकी काही नसते, कारण लहान टू-स्ट्रोक मोटारीत तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालतात, पुष्कळ मोटारींत ५० भाग पेट्रोलला १ भाग या प्रमाणात, आणि ते पेट्रोलबरोबरच जळून जाते. इंजिनात वेगळे साठवलेले तेल नसल्याने ही मोटार कोणत्या कुशीवर निजवली यावरून तेलाचा प्रश्न उभा राहत नाही. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल गळू नये, एवढेच पाहावे लागते.

फोर-स्ट्रोकची गोष्ट वेगळी आहे. सहा हॉर्सपॉवरच्या मोटारीतसुद्धा अर्धा लिटरच्या आसपास तेल इंजिनाच्या तळाशी मोकळे असते, आणि मोटार उभी असते तोवरच ते आपल्या जागी राहते. उत्पादकाने सांगितलेल्या कुशीवर मोटार ठेवली, तर तेल अशा पोकळीत साचते जिथून त्याला वाट सापडत नाही. चुकीच्या कुशीवर ठेवली, तर ते पिस्टनच्या रिंगांमधून झिरपत सिलिंडरमध्ये उतरते किंवा हवा आत घेण्याच्या मार्गात शिरते. योग्य कूस कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलते, म्हणून शेजारच्या होडीवाल्याचे पाहून ठरवू नये. पुस्तिकेत चित्र असते, आणि काही मोटारींच्या अंगावर टेकण्यासाठी रबराचे गोळेही बसवलेले असतात.

ह्यूस्टनहून ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसला जाताना एकदा मोटार घाईत चुकीच्या बाजूवर ठेवली गेली. उतरवताना तिच्या खालच्या टॉवेलवर मधाच्या रंगाचा, तळहाताएवढा डाग दिसला, आणि म्हणूनच मोटार सुरू करण्याची दोरी ओढण्याआधी मी थांबलो. ते थांबणे फार आवश्यक होते. द्रव दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये तेल भरलेले असताना जोराने दोरी ओढली तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशा वेळी मोटार काही तास उभी ठेवावी, किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढावी, स्पार्क प्लग बाहेर घ्यावा आणि स्टार्टरची दोरी अगदी सावकाश ओढून तेल फडक्यात बाहेर काढावे. मग प्लग पुसून बसवावा आणि तेलाची पातळी पुन्हा पाहावी. सुरू झाल्यावर थोडा वेळ निळसर धूर येतो; त्याने घाबरून जायचे कारण नाही.

पाण्याची काळजी मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच घ्यावी लागते. मोटार पाण्यातून काढल्यावर काही मिनिटे उभीच धरावी, म्हणजे थंड करणारे पाणी निथळून जाते. आडवी ठेवतानाही इंजिनाचे डोके पंख्याच्या टोकापेक्षा किंचित उंच असावे, त्यासाठी डोक्याखाली एखादी उशी पुरते. पाय उंच राहिला तर धुराच्या नळीत उरलेले पाणी उलटे वाहत सिलिंडरपर्यंत जाते, आणि खाऱ्या पाण्यावरून आलेल्या मोटारीत त्याने होणारे नुकसान तेलापेक्षाही वाईट असते.

पेट्रोलच्या बाबतीत टू-स्ट्रोकवाले थोडे गाफील राहतात, असे माझ्या पाहण्यात आहे. तेलाची धास्ती नाही म्हणून मोटार तशीच डिकीत टाकली जाते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बंद डिकीच्या तळाशी साचून राहते. म्हणून दोन्ही प्रकारांत बाहेरच्या टाकीची नळी काढून मोटार आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी, अर्थात पंखा पाण्यात असतानाच. टाकी मोटारीतच असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर तसाच कोरडा करावा, टाकी रिकामी करावी आणि झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद करावा. त्यानंतरच मोटार पट्ट्यांनी दोन ठिकाणी बांधावी, आणि पट्टा हॅण्डलवरून न घेता पायावरून आणि मोटार ब्रॅकेटला आवळणाऱ्या चापावरून घ्यावा.