ब्रिटिश स्पीडवेचा संघ कसा उभा राहतो: पात्रता, सरासरीचे गणित आणि कागदपत्रे

ब्रिटनमधील स्पीडवे या मोटरसायकल शर्यतींच्या लीगमध्ये संघ उतरवायचा तर चांगले सात रायडर आणि त्यांना द्यायला पैसा एवढ्याने भागत नाही. क्लबची मान्यता, सातही रायडरच्या गुणांच्या सरासरीची नियमात बसणारी बेरीज आणि प्रत्येक रायडरचा परवाना व ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. त्यांतली एकही अपुरी राहिली, तर जाहीर झालेला रायडर पहिल्या सामन्याच्या रात्री प्रेक्षकांत बसलेला दिसतो. ही प्रक्रिया कोणत्या क्रमाने चालते आणि तिच्या कोणत्या टप्प्यावर संघ खऱ्या अर्थाने बलवान किंवा दुबळा ठरतो, हे येथे मांडले आहे. नियमांतील आकडे दर हिवाळ्यात बदलतात, त्यामुळे प्रत्यक्ष अर्ज करताना त्या मोसमाची नियमपुस्तिकाच अंतिम मानावी.

या खेळाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. स्पीडवेची मोटरसायकल ५०० सीसीची असते, ती मिथेनॉलवर चालते, तिला एकच गिअर असतो आणि ब्रेक नसतात. मातीच्या लंबगोल ट्रॅकवर चार रायडर मागचे चाक घसरवत चार फेऱ्या मारतात. प्रत्येक शर्यतीत, म्हणजे हीटमध्ये, दोन्ही संघांचे दोन-दोन रायडर असतात आणि क्रमाने ३, २, १ आणि शून्य असे गुण मिळतात. लीगच्या सामन्यात साधारणपणे १५ हीट होतात, म्हणजे एकूण ९० गुण पणाला लागतात आणि ४६ गुण मिळवणारा संघ जिंकतो. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीच येथे झालेल्या शर्यतींपासून ब्रिटनमध्ये हा खेळ रुजला असे मानले जाते. आज प्रीमियरशिप ही वरची, चॅम्पियनशिप ही दुसरी आणि नवोदितांसाठीची नॅशनल डेव्हलपमेंट लीग ही तिसरी पायरी आहे.

क्लबची मान्यता

खेळाचे नियमन ऑटो-सायकल युनियनच्या अधिकाराखाली स्पीडवे कंट्रोल ब्युरो करतो, तर लीगचा कारभार ब्रिटिश स्पीडवे प्रमोशन्स लिमिटेड ही क्लबचालकांची कंपनी पाहते. क्लब चालवणाऱ्या व्यक्तीला किंवा कंपनीला प्रमोटर म्हणतात. प्रमोटरला स्वतःचा परवाना घ्यावा लागतो, ठरलेली अनामत रक्कम भरावी लागते आणि ट्रॅकची तपासणी करून त्याचाही परवाना मिळवावा लागतो. वळणांवरील हवा भरलेल्या संरक्षक कुंपणाची स्थिती, विमा, रुग्णवाहिका व डॉक्टर यांची व्यवस्था, स्थानिक परिषदेची प्रेक्षक-सुरक्षेबाबतची परवानगी आणि आवाजाच्या मर्यादा यांची पूर्तता याच टप्प्यावर दाखवायची असते. वैद्यकीय पथक मैदानावर हजर नसेल तर एकही हीट सुरू होत नाही.

या साऱ्या कागदांत सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे मैदानाचा भाडेकरार, असे माझे ठाम मत आहे. पीटरबरो पँथर्स २०२१ मध्ये प्रीमियरशिपचे विजेते झाले आणि २०२३ चा मोसम संपताच त्यांना शोग्राउंडवरील आपला ट्रॅक सोडावा लागला, कारण त्या जागेचा पुनर्विकास ठरला होता. त्याच वर्षी वुल्व्हरहॅम्प्टनच्या मॉनमोर ग्रीनवरील स्पीडवेही बंद झाले, कारण स्टेडियमच्या चालकांनी करार पुढे वाढवला नाही. अनेक ट्रॅक ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानांत आहेत आणि अनेकदा क्लबची मालकी जमिनीवर नसते. म्हणून तीन वर्षांसाठी रायडर बांधून घेण्याआधी त्या तीन वर्षांचा भाडेकरार हातात आहे का, हे प्रमोटरने आधी पाहावे.

सरासरीचे गणित

संघबांधणीचा गाभा सरासरीत आहे. प्रत्येक रायडरची एक अधिकृत सरासरी असते. त्याचे मोसमातील एकूण गुण आणि बोनस गुण यांच्या बेरजेला एकूण शर्यतींनी भागायचे आणि आलेल्या उत्तराला चारने गुणायचे. समजा एखादा रायडर २० शर्यती धावला, त्याने ४० गुण आणि ४ बोनस गुण मिळवले, तर ४४ भागिले २०, गुणिले ४ या हिशेबाने त्याची सरासरी ८.८० येते. प्रत्येक शर्यत जिंकणाऱ्याची सरासरी १२ असते आणि त्याहून जास्त ती होऊ शकत नाही. आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे आणि किमान एका प्रतिस्पर्ध्याच्या पुढे येणाऱ्याला बोनस गुण मिळतो. तो सामन्याच्या गुणफलकावर धरला जात नाही, पण मानधनात आणि सरासरीत मात्र धरला जातो.

दर हिवाळ्यात क्लबचालकांची वार्षिक सभा होते आणि तीत पुढच्या मोसमासाठी संघातील सातही सरासऱ्यांच्या बेरजेची कमाल मर्यादा ठरते. समजा ती ४० आहे. मग ९.००, ७.५०, ६.५०, ५.५०, ४.५०, ४.०० आणि ३.०० अशा सात रायडरचा संघ बरोबर मर्यादेत बसतो. त्यात ९.०० ऐवजी १०.०० चा रायडर हवा असेल, तर दुसरीकडे कुठेतरी एक पूर्ण गुण कापावाच लागतो. आता आधीच्या आकड्यांकडे पाहा. सामन्यात ९० गुण वाटले जातात, म्हणजे मध्यम ताकदीचा संघही सामन्यागणिक ४५ च्या आसपास गुण मिळवतो आणि त्यावर बोनस गुणांची भर पडते. त्यामुळे मर्यादा चाळिशीच्या घरात ठेवली की गेल्या मोसमात यशस्वी झालेला संघ जसाच्या तसा ठेवणे जवळजवळ अशक्य होते. विजेत्या संघाची मोडतोड अटळ व्हावी आणि लीग समतोल राहावी, हाच या मर्यादेचा हेतू आहे. चाहत्यांना दर वर्षी आवडत्या रायडरला निरोप द्यावा लागतो, ही त्याची किंमत आहे आणि ती लहान नाही.

यातून पुढची गोष्ट उघड होते. ज्याची खरी क्षमता कागदावरच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, असा रायडर शोधणे म्हणजेच संघबांधणी. दुखापतीमुळे मागचा मोसम खराब गेलेला अनुभवी रायडर, झपाट्याने सुधारणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, किंवा आपल्या घरच्या ट्रॅकवर हमखास चालणारा रायडर यांच्यात असे अंतर सापडते. २०२१ च्या पीटरबरोचा संघ याचा उत्तम दाखला आहे. स्कॉट निकोल्स, ब्यार्ने पेडरसन, हान्स अँडरसन, ख्रिस हॅरिस, उल्रिच ओस्टरगार्ड आणि मिकाएल पाल्म टॉफ्ट या रायडरपैकी अनेक जण चाळिशीला पोहोचलेले होते आणि मोसमाआधी अनेक जाणकारांनी या संघाला तळाला धरले होते. पण सहाही जण जवळपास सारख्याच ताकदीचे असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला सोपी हीट मिळेना, आणि शेवटी विजेतेपद त्यांच्याकडे गेले. एकाच बड्या नावावर दहा गुण खर्च करण्यापेक्षा खालच्या जागा भक्कम करणे अनेकदा फायद्याचे ठरते, हे त्या मोसमाने दाखवले.

खालच्या जागांना आणखी एका कारणाने महत्त्व आहे. पहिले पाच जण मुख्य संघात आणि सर्वसाधारणपणे सर्वांत कमी सरासरीचे दोघे सहाव्या-सातव्या क्रमांकावर रिझर्व्ह म्हणून असतात. रिझर्व्हला ठरलेल्या शर्यतींखेरीज सहकाऱ्यांच्या जागीही उतरवता येते, त्यामुळे फॉर्मात असलेला रिझर्व्ह सामन्यात इतरांपेक्षा जास्त वेळा धावतो. मोसम सुरू असताना ठरावीक काळाने नव्या सरासऱ्या प्रसिद्ध होतात. त्या यादीत एखादा चांगला रायडर थोडक्याने घसरून रिझर्व्हच्या जागेवर आला, तर त्या महिन्यात तो क्लब अचानक धोकादायक होतो. त्यामुळे संघव्यवस्थापक यादी येण्याच्या आधीच दशांशापर्यंत हिशेब करून ठेवतात.

यासोबत दोन जादा अटी पाहाव्या लागतात. ब्रिटनमध्ये नव्याने येणाऱ्या रायडरची सरासरी नसते, म्हणून त्याला नियमाप्रमाणे गृहीत सरासरी दिली जाते, आणि एका लीगची सरासरी दुसऱ्या लीगसाठी ठरलेल्या सूत्राने बदलून घेतली जाते. शिवाय २०२१ पासून प्रीमियरशिपमध्ये नवोदित ब्रिटिश रायडरसाठी ‘रायझिंग स्टार’ नावाची जागा सुरू झाली. पीटरबरोकडून त्या वर्षी जॉर्डन पॅलिन या जागेवर होता.

रायडरची पात्रता आणि कागदपत्रे

नॅशनल डेव्हलपमेंट लीगमध्ये वयाच्या पंधराव्या वर्षापासून आणि त्यावरच्या लीगमध्ये सोळाव्या वर्षापासून धावता येते. पुढे २०१३, २०१५ आणि २०१८ असा तीनदा जगज्जेता झालेला टाय वॉफिंडन २००६ मध्ये स्कनथॉर्पकडून असाच कोवळ्या वयात उतरला होता. परवान्याच्या अर्जासोबत ओळखीचा व वयाचा पुरावा, डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय तपासणीचा अर्ज आणि शुल्क द्यावे लागते, तर अल्पवयीन असल्यास पालकांची लेखी संमतीही लागते. परदेशी रायडरला यासोबत आपल्या देशाच्या महासंघाची परवानगी दाखवावी लागते, उदाहरणार्थ पोलंडच्या किंवा डेन्मार्कच्या मोटरसायकल महासंघाची.

यानंतर रायडर कोणाचा आहे हे तपासावे. ब्रिटिश स्पीडवेत रायडर हा एखाद्या क्लबचा नोंदणीकृत ‘अ‍ॅसेट’, म्हणजे मालमत्ता, असू शकतो. तसे असेल तर दुसऱ्या क्लबने त्याला कायमचे विकत घ्यावे किंवा मोसमापुरते शुल्क देऊन उसने घ्यावे, आणि मूळ क्लबची लेखी मान्यता संघ जाहीर करण्याआधीच मिळवावी. रायडरशी हस्तांदोलन झाले म्हणून हे काम मागे ठेवू नये. तोच रायडर प्रीमियरशिप आणि चॅम्पियनशिप अशा दोन्ही लीगमध्ये धावणार असेल, तर दोन्ही क्लबच्या वेळापत्रकांची सांगड घालावी. पोलंडची लीग मुख्यतः शुक्रवारी व रविवारी, स्वीडनची मंगळवारी आणि डेन्मार्कची बुधवारी चालते, तर प्रीमियरशिपने सोमवार आणि गुरुवार धरले आहेत. पोलंडमधील करारात बाहेरच्या लीगविषयी काही बंधन आहे का, हे रायडरकडून लेखी घ्यावे.

व्हिसाचा टप्पा सर्वांत जास्त वेळ खातो. ब्रेक्झिटनंतर पोलिश, डॅनिश आणि स्वीडिश रायडरना मुक्तपणे येऊन धावता येत नाही. जे ३१ डिसेंबर २०२० पूर्वीपासून ब्रिटनमध्ये राहत होते आणि ज्यांनी युरोपीय नागरिकांच्या वसाहत योजनेतून हक्क मिळवला, त्यांना अडचण नाही. आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असलेल्या ऑस्ट्रेलियन रायडरला वंशपरंपरेच्या व्हिसाचा मार्ग खुला असतो. इतरांसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन व्हिसा आहे. त्यात क्रम चुकवून चालत नाही. आधी गृहखात्याने मान्य केलेल्या क्रीडा नियामक संस्थेचे शिफारसपत्र, त्यानंतर परवानाधारक प्रायोजकाकडून सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचा क्रमांक आणि मगच रायडरचा स्वतःचा अर्ज. काम सुरू होण्याच्या तारखेआधी तीन महिन्यांच्या आत हा अर्ज करता येतो. प्रायोजकाने निर्वाहाची हमी दिलेली नसेल, तर १,२७० पौंड सलग २८ दिवस खात्यात असल्याचा पुरावा लागतो. बारा महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी प्राथमिक इंग्रजीचीही अट आहे.

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी तरुणांनी येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. विद्यार्थी व्हिसा आणि इंडिया यंग प्रोफेशनल्स योजनेचा व्हिसा या दोन्हींवर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करण्यास मनाई आहे. आठवड्याला काही तास काम करण्याची मुभा आहे म्हणून मानधन घेऊन लीगमध्ये धावता येते, असा अर्थ काढू नये. पर्यटक म्हणून आलेल्या रायडरलाही लीग धावता येत नाही. चाचणी देता येते, पण ती तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर नसावी. भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी अर्ज करणाऱ्याला क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्रही जोडावे लागते.

संघाची घोषणा आणि मोसमातील बदल

सातही नावे, त्यांच्या सरासऱ्या आणि एकूण बेरीज यांची अधिकृत नोंद झाली की संघ वैध होतो. त्यानंतर बदल करायचा असेल, तर नव्या संघाची बेरीज त्या मोसमाच्या नियमाने दिलेल्या मर्यादेत बसते का हे पाहून पुन्हा अर्ज करावा लागतो. बदली रायडरचा परवाना, मूळ क्लबची मान्यता आणि व्हिसा हे सारे त्याच क्रमाने पुन्हा तपासले जाते. म्हणूनच जाणता प्रमोटर मोसम सुरू होण्याआधीच एक-दोन परदेशी रायडरची कागदपत्रे तयार ठेवून देतो.

दुखापतीच्या वेळी पर्याय मिळतो, पण तो आपोआप मिळत नाही. रायडर वैद्यकीय प्रमाणपत्रासह अनुपस्थित असेल, किंवा त्याला आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी अधिकृतपणे बोलावले असेल, तर परिस्थितीनुसार दुसऱ्या क्लबचा ‘गेस्ट’ घेता येतो किंवा त्याच्या शर्यती उरलेल्या सहकाऱ्यांत वाटता येतात. गेस्टची सरासरी सर्वसाधारणपणे अनुपस्थित रायडरच्या सरासरीपेक्षा जास्त चालत नाही. प्रमाणपत्र वेळेत पोहोचले नाही, तर ही सवलत नाकारली जाऊ शकते आणि क्लबला एक रायडर कमी घेऊन उतरावे लागते. त्यामुळे प्रमाणपत्राची प्रत रुग्णालयातूनच संघव्यवस्थापकाकडे पाठवण्याची जबाबदारी मोसमाच्या सुरुवातीलाच एका ठरावीक व्यक्तीवर सोपवून ठेवावी.