बर्निनीचे ‘ख्रिस्ताचे रक्त’ : एका बरोक धार्मिक रेखाटनाचा अर्थ

‘सांग्वे दी क्रिस्तो’ अर्थात ‘ख्रिस्ताचे रक्त’ ही बरोक, म्हणजे सतराव्या शतकातील नाट्यमय युरोपीय कलाशैलीचा इटालियन शिल्पकार व वास्तुकार जानलोरेंझो बर्निनी (१५९८–१६८०) याची, वयाच्या सत्तरीत केलेली चित्ररचना आहे. तिचे रेखाटन नेदरलँड्समधील हार्लेम येथील टेलर्स संग्रहालयात आहे. फ्रान्स्वा स्पिएर याने १६७० मध्ये ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि तिचे छापचित्र सर्वत्र पोहोचले.

चित्रात ख्रिस्ताला क्रूसावर दिले ती कालव्हरीची टेकडी नाही, रोमन शिपाई नाहीत, शोक करणाऱ्या स्त्रियाही नाहीत. क्षितिजापर्यंत समुद्र पसरलेला आहे, त्यावर क्रूस अधांतरी तरंगतो आहे, ख्रिस्ताच्या जखमांतून निघालेल्या धारा खालच्या पाण्यात मिसळत आहेत, वर पिता परमेश्वर हात पसरून आहे, आणि गुडघे टेकलेली ख्रिस्ताची आई मरिया आपल्या पुढे केलेल्या हातांवर रक्त झेलते आहे. छापचित्रात लाल रंग कोठेच नाही. नुसत्या काळ्या रेघांच्या लाटा दिसतात, आणि त्या पाण्याच्या नसून रक्ताच्या आहेत हे वरून पडणाऱ्या धारांकडे लक्ष गेल्यावरच उमगते.

आजच्या प्रेक्षकाला हे दृश्य भडक, क्वचित किळसवाणेही वाटते. मात्र त्यावरून चित्राचे मोल ठरवणे चुकीचे आहे, कारण येथे वधाचा प्रसंग रंगवलेला नसून एक प्रार्थना डोळ्यांसमोर उभी केलेली आहे. छापचित्राखालील मजकुरात बायबलच्या नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ यातील ख्रिस्ताच्या रक्ताने होणाऱ्या शुद्धीविषयीचे वचन आहे, आणि त्यासोबत फ्लॉरेन्सची मठवासिनी मारिया माद्दालेना दे पाझ्झी हिची प्रार्थना आहे. देहधारी शब्दाचे (म्हणजे ख्रिस्ताचे) रक्त मी पित्याला अर्पण करते, आणि त्यात काही उणे राहिलेच तर ते मरियेच्या हाती देते, म्हणजे ती ते त्रैक्याला (पिता, पुत्र व पवित्र आत्मा या एकरूप देवाला) अर्पण करील, असा तिचा आशय आहे. मरियेचे हात पुढे का आहेत, याचे उत्तर या एका वाक्यात मिळते. दे पाझ्झी हिला संतपद मिळाले ते १६६९ मध्ये, म्हणजे चित्र छापले जाण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी. तेव्हा तिचे शब्द रोममध्ये ताजे होते.

त्याहून व्यापक संदर्भ ट्रेंटच्या धर्मपरिषदेचा, म्हणजे सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट चळवळीला उत्तर देण्यासाठी भरलेल्या कॅथलिक सभेचा आहे. प्रॉटेस्टंट सुधारकांनी मिस्सेचे (भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याच्या कॅथलिक उपासनेचे) यज्ञस्वरूप, संतांची मध्यस्थी आणि प्रतिमांचा मान या तिन्ही गोष्टी नाकारल्या होत्या. परिषदेने मिस्सा हा क्रूसावरील यज्ञच रक्तविरहित रूपाने अर्पिला जातो असे १५६२ मध्ये ठरवले, आणि पुढच्याच वर्षी संतांच्या मध्यस्थीचे व प्रतिमांचे समर्थन केले. बर्निनीच्या रचनेत हे तिन्ही मुद्दे एकत्र आलेले आहेत. तरीही ती वादासाठी काढलेली वाटत नाही, आणि यातच तिची खरी ताकद आहे.

कारण तिचा उपयोग खाजगी भक्तीसाठी होता. हे छापचित्र बर्निनीचा भाचा असलेला धर्मगुरू फ्रांचेस्को मार्केसे याच्या, पापी माणसाच्या एकमेव आशेविषयीच्या पुस्तकाशी जोडलेले होते. रोममधील जेझू चर्चमध्ये ‘सुमरणा’साठी चालणाऱ्या भक्तीत बर्निनी वर्षानुवर्षे सहभागी होत असे, आणि चांगले मरण कसे यावे याची तयारी हा त्या काळी श्रद्धावंतांचा नित्याचा विषय होता. त्याच्या चरित्रकारांच्या सांगण्यानुसार, आपली पापे या समुद्रात बुडाली आहेत असे तो म्हणत असे. याच रचनेचे मोठे चित्र त्याने रंगवून घेतले होते, आणि १६८० च्या नोव्हेंबरमध्ये शेवटच्या आजारात ते त्याच्या बिछान्यासमोर होते.