हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन : ऑइल पातळीच्या बिघाडांचे निदान

सिट्रोएन या फ्रेंच कंपनीच्या डीएस (१९५५), जीएस, सीएक्स, बीएक्स, झांतिया या गाड्यांत स्प्रिंगचे काम दाबाखालचे ऑइल आणि नायट्रोजन मिळून करतात. प्रत्येक चाकामागे एक पोलादी गोळा, म्हणजे स्फिअर, असतो. त्यातल्या रबरी पडद्याच्या एका अंगाला वायू, दुसऱ्या अंगाला ऑइल. याच ऑइलवर ब्रेकही चालतात, त्यामुळे टाकी रिकामी होणे हा नुसता आरामाचा प्रश्न राहत नाही.

पातळी पाहताना इंजिन चालू हवे आणि गाडीची उंची बदलणारा दांडा सर्वांत वरच्या खाचेत. गाडी पूर्ण उचलली गेली, की टाकीवरचा दर्शक दोन खुणांच्या मध्ये दिसला पाहिजे. गाडी बसलेली असताना सस्पेन्शनच्या सिलिंडरांतले ऑइल टाकीत परत येते आणि टाकी भरलेली भासते. त्या भरवशावर राहिले, तर गाडी वर जाताच पंप हवा ओढू लागतो.

रात्रभरात गाडी खाली बसली म्हणजे ऑइल गळले, असे नाही. जुन्या मॉडेलांत ते झडपांमधून हळूहळू टाकीत उतरतेच. पातळी खरोखर घटत असेल, तर आधी सिलिंडरांचे रबरी बूट, म्हणजे आवरणे, आणि परतीच्या बारीक नळ्या पाहाव्यात, मग मागच्या बाजूचे गंजलेले दाबाचे पाइप. जमिनीवर थेंब नसला तरी बुटात ऑइल साचलेले असू शकते. कुठेच गळती नसताना पातळी एकदम उतरली आणि एखादे चाक दगडासारखे कडक झाले, तर त्या स्फिअरचा पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी : वायूची जागा ऑइलने घेतलेली असते.

टाकीत फेस येणे हे बहुधा पंपाच्या ओढनळीचे दुखणे. क्लिप सैल असते किंवा नळी तडकलेली. जाळीचे फिल्टर तुंबले तरी पंपाला ऑइल कमी पडते. दाब-नियंत्रक साधारण १७० बारला पंपाचा भार सोडतो आणि १४५ च्या आसपास पुन्हा घेतो. इंजिन आयडलवर असताना त्याची टिकटिक दर काही सेकंदांनी ऐकू आली, तर मुख्य संचयक-स्फिअर, म्हणजे दाब साठवणारा गोळा, थकलेला असतो किंवा आत कुठेतरी दाब गळत असतो. पातळीशी त्याचा संबंध नाही. ऑइल ओतत बसणे व्यर्थ.

भरताना रंग पाहावा. १९६६ पासून युरोपातल्या डीएसमध्ये एलएचएम हे हिरवे खनिज ऑइल आले, त्याआधीच्या गाड्यांत एलएचएससारखी वेगळी ऑइले; २००१च्या सी५मध्ये नारिंगी एलडीएस. एलएचएमच्या टाकीत साधे ब्रेक-ऑइल ओतले, तर सगळी सीले फुगून निकामी होतात. ही चूक सर्वांत महागात पडते.

गाडीखाली शिरण्याआधी स्टँड लावावेत. दाब गेला, की ती थेट जमिनीवर येते. भारतात २०२१ मध्ये आलेल्या सी५ एअरक्रॉसला यातले काही लागू नाही : तिचे 'हायड्रॉलिक कुशन' म्हणजे सुधारित शॉक-अ‍ॅब्झॉर्बर, टाकी नसलेले.