कावसजीचं नाक आणि कन्नडमधलं संमतीपत्र

बेळगावच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, जळीत वॉर्डाच्या बाकावर, खानापूर भागातली एक बाई कागद घेऊन बसली होती. स्टोव्हच्या भडक्यानंतर तिची मान छातीकडे ओढली गेलेली. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत. डॉक्टर दोन वाक्यं बोलून राऊंडला निघून गेले, ती वॉर्डातल्या मावशीनं मराठीत सांगितली, "मांडीचं कातडं काढून मानेला लावणार." बाई म्हणाली, "मग मांडीला काय राहणार?" कुणी काही बोललं नाही. सही मात्र झाली.

उत्तर सोपं होतं. अशा वेळी कातड्याचा फक्त वरचा पातळ पापुद्रा घेतात. मांडी दोनेक आठवड्यांत आपली आपण भरून येते.

गंमत अशी, की कातडं हलवून बिघडलेला अवयव पुन्हा घडवायची ही विद्या, म्हणजे आज जगभर शिकवली जाणारी प्लास्टिक सर्जरी, आपल्याच भागातल्या एका पेशंटपासून विलायतेला पोचली. कावसजी हा इंग्रज फौजेतला बैलवाला. नाव पारशी वाटतं, पण त्याची हकीकत लिहिणारा त्याला मराठा शेतकरी म्हणतो. 1792 च्या म्हैसूरच्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नाक बसवून दिलं. आधी मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून आकार घेतला, तोच सपाट करून कपाळावर ठेवला, कडेनं रेघ मारली आणि तेवढं कातडं सोलून खाली वळवलं. दोन डोळ्यांमधली एक चिंचोळी पट्टी तेवढी जोडलेली ठेवली, रक्त पोचावं म्हणून. टाके नाहीत, चिकटवायला कात, आपल्या पानातलाच! साधारण पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापली. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं, 1794 मध्ये लंडनच्या मासिकात ते छापून आलं आणि 1814 मध्ये तिथल्या कार्प्यू या सर्जननं तसं ऑपरेशन करून दाखवलं.

मला त्यातले ते पंचवीस दिवस महत्त्वाचे वाटतात. अपेंडिक्स काढलं की पेशंट घरी जातो, डॉक्टर विसरतो. इथं तसं नाही. अर्धवट चेहरा घेऊन पुन्हा त्याच माणसाच्या हाताखाली यायचं असतं, कधी तीन-चार वेळा.

पहिल्या महायुद्धात सर्जन गिलीज यांनी इंग्लंडमध्ये जखमी सैनिकांचे चेहरे असेच टप्प्याटप्प्यानं उभे केले. तामिळनाडूत वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगानं वाकडी झालेली बोटं सरळ केली, मुंबईत जे. जे. मध्ये डॉ. अँटिया यांनी जळीत आणि कुष्ठरोग्यांचं काम वाढवलं.

सीमाभागात मात्र अवघड दुखणं म्हटलं की मिरज. डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल तिथं 1894 पासून. अथणी, चिकोडी, निपाणीकडची माणसं तिकडेच जायची, आणि मराठीत बोलून यायची. बेळगावात मेडिकल कॉलेज आलं 1963 मध्ये. सोय जवळ आली, भाषेची मात्र सरमिसळ झाली: डॉक्टर कुठल्याही राज्याचा, सिस्टर कन्नड, पेशंट मराठी.

कायदा त्यामानानं उशिरा जागा झाला. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि 2008 मध्ये सांगितलं की पेशंटला पुरेशी माहिती दिल्याशिवाय संमती खरी नाही. ती कोणत्या भाषेत, हा आमच्याकडचा प्रश्न. 2023 मध्ये महाराष्ट्रानं आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली. भांडण योजनेच्या कार्डाचं झालं. बाकावरच्या कागदाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्या बाईला ऑपरेशननंतर गळ्याला कडक पट्टा दिला. तो कित्येक महिने घालावा लागतो, नाहीतर नवं कातडं आकसून मान परत खाली ओढली जाते. "दिवसभर, रात्रीसुद्धा" हे तिला मावशीनंच सांगितलं, जाता जाता, लिफ्टच्या दारात.