विदर्भातले ताप असे कसे वाढत गेले

धानाची रोवणी आटोपली की आमच्या इकडे गावागावात ताप सुरू होतो आणि जो तो म्हणतो, यंदा हवाच खराब आहे. हवा बदलली हे खरंच आहे, पण हे ताप इथं कसे रुजले ते मागून बघत आलं तर प्रत्येक वेळी हवेच्या जोडीला आपण बिघडवलेलं पाणी आणि जंगल पण सापडतं.

सगळ्यात जुना आपला थंडीताप, म्हणजे मलेरिया. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना व्हायचा, ८ लाख मरायचे. १९५३ ला सरकारने डीडीटी फवारणीचा कार्यक्रम काढला आणि १९६५ पर्यंत आकडा १ लाखाच्या आसपास आला, लोकांना वाटलं संपला रोग. मग डास डीडीटीला सरावले, फवारणीत ढिलाई आली, आणि खेड्यात अजून एक भानगड होती, फवारलेली भिंत सणाच्या तोंडावर शेणामातीने सारवली की औषध सगळं आत दबून जायचं. १९७६ ला देशात ६४ लाख केसेस झाल्या.

गडचिरोलीत तर तो घट्ट बसला. तिथल्या जंगलातल्या स्वच्छ, संथ वाहणाऱ्या ओढ्यांत ॲनाफिलीस फ्लुविॲटिलिस नावाचा डास वाढतो, आणि मेंदूत जाणारा फाल्सिपेरम मलेरिया तिथं जास्त. आता काही लोक म्हणतात जंगल तोडलं तर डासही जाईल, तसं होत नाही. ओढ्यावरची सावली गेली, नदीतली रेती उपसून डबके पडले की उन्हातल्या साचलेल्या पाण्यात वाढणारा दुसरा डास, क्युलिसिफेसीस, जागा धरतो, आणि तोही मलेरियाच पसरवतो.

यात तापमानाचं गणित समजून घ्या. फाल्सिपेरमचा जंतू डासाच्या अंगात तयार व्हायला २० अंशाला साधारण चार आठवडे लागतात, २५ ला बारा दिवस, २८ ला नऊ-दहा, आणि १८ च्या खाली काम जवळपास थांबतं. डास स्वतः जगतो दोन-तीन आठवडे. म्हणून कडक थंडीत साखळी तुटायची, पण रात्री उबदार राहायला लागल्या तर रोगाचे महिने लांबतात. मे मधल्या ४५-४६ अंशात मात्र डासही टिकत नाही, म्हणजे जितकी गरमी तितका मलेरिया असा सरळ हिशोब नाही.

डेंगूचं वेगळं आहे, तो आपल्या घरातच तयार होतो. आधी हा शहरातला रोग समजायचे, आता वाडी-टोल्यावर सुद्धा आहे, आणि माझ्या मते याला कारण उन्हाळ्यातली पाणीटंचाई आणि कूलर. नळ चार-पाच दिवसांनी येतो म्हणून प्रत्येक घरी ड्रम, टाकी, रांजण भरून ठेवलेले असतात, झाकण असलं तर असलं. ऊन वाढत चाललं तसे कूलर पण वाढले. डेंगू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी कूलरच्या टाकीत पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या भिंतीला काळी बारीक अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरडी राहून कित्येक महिने जिवंत राहतात. कूलर बंद करून पाणी फेकलं, मागच्या अंगणात ठेवून दिला, जूनचा पहिला पाऊस त्यात पडला की आठ-दहा दिवसांत डास बाहेर. नुसतं पाणी सांडून उपयोग नाही, टाकी आतून ब्रशने घासावी लागते. कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी करा, म्हणून आशाताई घरोघर सांगतात ते याच्यासाठीच.

पाऊस पण पहिल्यासारखा पडत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ ला दाखवलं की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. पूर्व विदर्भात पाणी जिरवायला मालगुजारांच्या काळातले जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, होत्या, त्यातले कितीतरी गाळाने भरले, कितीतरींवर अतिक्रमण झालं. मग पाणी गावात शिरतं, उघड्या विहिरीत घाण उतरते. २०२२ च्या जुलैत अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यातल्या कोयलारी-पाचडोंगरी गावांना कॉलरा झाला, त्यात माणसं गेली, कारण तेच, दूषित विहिरीचं पाणी.

आणि चांदीपुरा. १९६५ ला नागपुरात डेंगू-चिकुनगुनियाची साथ होती, तेव्हा पुण्याच्या शास्त्रज्ञांना तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा नवीन व्हायरस सापडला, तिथल्याच भागाचं नाव दिलं. कित्येक वर्षं कोणी फार मनावर घेतलं नाही. २००३ ला आपल्या शेजारी, तेव्हाच्या आंध्रात, ३२९ लेकरं आजारी पडली आणि १८३ गेली. पसरवते ती वाळूमाशी, डासापेक्षा खूप बारीक, ओलसर मातीच्या भिंतीच्या भेगांत आणि गोठ्यातल्या शेणाच्या ओलाव्यात वाढणारी, म्हणून पावसाळ्यात जोर. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत परत मोठी साथ आली. लस नाही, खास औषध नाही, आणि लेकरू एक-दोन दिवसांतही हातचं जातं, म्हणून तापासोबत झटके आले तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच गाडी करून दवाखान्यात न्या.